ऐकू न येण्याचा इतिहास

आमच्या केडगावचा इतिहास पंडिता रमाबाईंचे नाव घेतल्याशिवाय सुरू होत नाही. १८८३मध्ये त्या वैद्यक शिकायच्या इराद्याने इंग्लंडला गेल्या. पण ऐकू कमी येत असल्याने तो मार्ग बंद झाला. पुढे त्यांनी केडगावात मुक्ती मिशन उभारले. ५ एप्रिल १९२२ रोजी येथेच त्यांचे निधन झाले.

गेल्या वर्षी माझा डावा कान मंदावला. फोन नकळत उजव्या कानाला जाऊ लागला, तेव्हा प्रश्न पडला : रमाबाईंच्या काळी डॉक्टरांना कानाच्या आत किती खोलवर पाहता येत होते?

फार नाही. तोल सांभाळणाऱ्या मज्जातंतूच्या वेष्टनातून एक सौम्य गाठ वाढते आणि शेजारचा श्रवणतंतू दाबते. लायडनच्या एडुआर्ड सँडिफोर्ट यांनी १७७७मध्ये तिचे वर्णन केले, तेही शवविच्छेदनावरून. १९१७मध्ये हार्वे कुशिंग यांनी तिच्यावर ग्रंथ लिहिला, तेव्हाही रुग्ण येत ते बहुधा गाठ मेंदूला भिडल्यावर. क्ष-किरणांत फक्त हाड दिसे. गाठीने हाडातली नळी रुंदावली, तरच संशय येई. १९७१मध्ये सीटी स्कॅन आला, तरी कानामागच्या दाट हाडाआड लहान गाठ निसटत असे.

१९७३मध्ये पॉल लॉटरबर यांनी चुंबकीय अनुनादातून प्रतिमा मिळवली आणि वाट बदलली. एमआरआय शरीरातल्या पाण्याचा संकेत टिपतो. दाट हाड जवळजवळ संकेतच देत नाही, म्हणून ते आड येत नाही. अंतर्कर्णातला द्रव पांढरा उजळतो आणि गाठ त्यात काळी खाच म्हणून उमटते. शिरेतून गॅडोलिनियम दिले, की उलट गाठच चमकते. दोन-तीन मिलिमीटरची गाठही मग लपत नाही.

पुण्यात त्या खडखडणाऱ्या बोगद्यात मी निश्चल पडून राहिलो. अहवालात चार मिलिमीटर लिहिले होते. डॉक्टर म्हणाले, ‘‘घाई नको. सहा महिन्यांनी पुन्हा पाहू.’’ अशा कित्येक गाठी वर्षानुवर्षे वाढत नाहीत.

रमाबाईंच्या बहिरेपणाला मी आज माझ्या आजाराचे नाव देणार नाही; तो इतिहास ठरणार नाही. कुशिंग यांच्या रुग्णांना मात्र वाट पाहण्याची मुभा नव्हती. मला ती आहे. एकाच कानाने कमी ऐकू येत असेल, तर ‘वय झाले’ म्हणून सोडू नये, एवढे मी आता गावात सांगतो.