चंद्रभागेची वाळू आणि मालमोटारीचे धुराडे

पंढरपूरच्या इतिहासाविषयी लिहावयास बसले की लेखणी सवयीने शिलालेखांकडे, मठांच्या सनदांकडे आणि बडवे-उत्पातांच्या दप्तरांकडे वळते. परंतु ज्या मालमोटारींनी गेल्या शतकाच्या उत्तरार्धात दिंड्यांचे तंबू, शिधा, पितळेची पातेली आणि वाटेत पाय सुजून बसलेली म्हातारी माणसे वाहिली, त्यांच्या पोटाखालून जाणाऱ्या काळ्या नळीची दखल कोणी घेतल्याचे माझ्या वाचनात नाही. ही नळी किती जाड असावी, हा प्रश्न वरकरणी क्षुल्लक आहे. तथापि जुन्या गाडीत परके इंजिन बसविण्याचा जो एक उद्योग आपल्याकडील मिस्त्रींनी पुस्तकावाचून उभा केला, त्याचे घोडे शेवटी याच प्रश्नापाशी अडत असे.

बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी रुंदीची गाडी १९०६ साली कुर्डुवाडीहून पंढरपुरास आली आणि १९२७ साली पुढे मिरजेस जाऊन मिळाली. तिने यात्रेकरू आणले, पण दिंडी आणली नाही. कारण दिंडी ही चालतच यावयाची, आणि तिचे बिऱ्हाड तिच्या मागून बैलगाडीतच यावयाचे. बैलगाडीची जागा मालमोटारीने घेतली ती नंतर. दुसरे महायुद्ध संपल्यावर लष्कराच्या मालमोटारी ‘डिस्पोजल’ म्हणून विक्रीस निघाल्या. शिवडीच्या कारखान्यात जनरल मोटर्स १९२८ पासून शेवरोले जोडीत होतीच. कुर्ल्यास वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीतून १९४७ पासून डॉज आणि फार्गो बाहेर पडू लागल्या (वालचंद जन्माने सोलापूरचे, हे आमच्या जिल्ह्यातील माणसास सांगितल्यावाचून राहवत नाही). आणि १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरास निघालेली सरकारी परिवहनाची पहिली मोटार बेडफर्ड होती. या बहुतेक गाड्या पेट्रोलवर चालणाऱ्या होत्या.

त्यांचा काळ फार टिकला नाही. १९५३ साली टॅरिफ कमिशनने असा अभिप्राय दिला की, ज्या कंपन्या देशातच सुटे भाग घडविण्यास तयार असतील त्यांनीच येथे राहावे. त्यानंतर फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनी गाशा गुंडाळला, आणि त्यांच्या गाड्यांचे सुटे भाग मिळविणे मालकांच्या नाकी नऊ आणू लागले. जमशेदपुराहून टाटा-मर्सिडीजची डिझेल मालमोटार ऑक्टोबर १९५४ मध्ये बाहेर पडली खरी, पण नवी गाडी घेण्याची ऐपत प्रत्येकाची थोडीच असते? ज्याच्या दारात धडधाकट चासी आणि सागवानी फळ्यांचा हौदा उभा आहे, त्याने त्यातले थकलेले पेट्रोल इंजिन उतरवून डिझेलचे चढविले, तर त्याला दोष कोण देणार? असे चढविण्यासाठी पीटरबरोच्या पर्किन्स कंपनीचे पी-सिक्स हे इंजिन फार नामांकित होते: सहा सिलिंडर, ४.७३ लिटर. मद्रासच्या सिम्प्सन कंपनीने पर्किन्सची इंजिने येथेच बांधावयास घेतल्यावर ते अधिकच सुलभ झाले. नोंदणीच्या दाखल्यावर नवा इंजिन-नंबर आणि इंधनाचा बदल चढवून घेण्यासाठी कचेरीत घालावे लागणारे हेलपाटे हा निराळा अध्याय आहे. तो मी येथे तहकूब ठेवतो.

इंजिन बसले, गिअरपेटी जुळली, रेडिएटर पुढे सरकला, की मग मालक म्हणे, “जुनी नळी चांगली आहे, तीच जोडा.” हीच चूक. शेवरोलेचे किंवा बेडफर्डचे मूळ इंजिन साडेतीन लिटरचे. आणि कमाल जोरावर दोन्ही इंजिनांतून बाहेर पडणारा तप्त वायू मापाने जवळपास सारखाच भरतो, हे हिशेब मांडला तर दिसते, म्हणून मालकाचे म्हणणे सकृद्दर्शनी खरेही वाटते. फरक आहे तो श्वासाचा. पेट्रोल इंजिनाचा गळा थ्रॉटलने आवळलेला असतो. ते पुरता श्वास क्वचितच घेते. डिझेलच्या तोंडावर तसे झाकण नसते. हलक्या कामातही ते प्रत्येक फेऱ्याला छाती भरून हवा ओढते, आणि मागून वाट अडली की ताजी हवा तेवढी कमी शिरून तेल अर्धवट जळते. तो काळा धूर, ती तापलेली नळी, ते करपलेले व्हॉल्व्ह, सर्व याच कोंडमाऱ्याची लक्षणे.

पर्किन्स मिनिटाला २४०० फेऱ्यांनी पुऱ्या ओझ्याखाली चालत असेल, तर त्यातून मिनिटाला बारा-तेरा घनमीटर तप्त वायू बाहेर पडतो. दोन इंची नळीतून तो सेकंदाला सुमारे १०० मीटर वेगाने धावतो, अडीच इंचीतून ६५, तीन इंचीतून ४५. दोनाचे अडीच इंच होताना व्यास पाव पटीनेच वाढला, पण वाट दीडपटीहून अधिक रुंद झाली, कारण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढते. आणि अडथळा तर त्याहून कितीतरी झपाट्याने घटतो. म्हणून दोनावरून अडीचावर जाण्यात जो लाभ आहे, तो अडीचावरून तीनावर जाण्यात नाही. तीन इंची नळी चासीच्या आडव्या पट्ट्यांखाली घासते, तिचे वजन पेलावयास जास्त पट्ट्या लागतात, आणि आवाज वाढतो. जाड नळी म्हणजे जास्त ताकद, ही समजूत आजही तरुण मंडळींत आढळते. मला ती पटत नाही. टर्बो बसविलेल्या इंजिनाची गोष्ट वेगळी, त्याच्या मागची वाट जितकी मोकळी तितकी बरी.

मी लहानपणी पाहिलेला एक मिस्त्री हे गणित मांडीत नसे. तो मॅनिफोल्डच्या तोंडात दोन बोटे घालून व्यास अजमावी, मग सूत-पट्टीने मोजून म्हणे, “नळी गाडीची नसते, इंजिनाची असते.” त्याचे खरे कसब वळणात होते. आखूड काटकोनी वळण पाच-सहा फूट सरळ नळीइतका अडथळा करते, आणि नळी वाकविताना तिचे पोट चपटले, तर अडीच इंच केवळ नावापुरते उरतात. म्हणून तो चंद्रभागेच्या वाळवंटातील वाळू चाळून, कढईत भाजून, पूर्ण कोरडी करी. नळीच्या एका टोकास लाकडी गुट्टा ठोकून ती वाळू ठासून भरी, बाहेरून हातोडीने ठोकत ठोकत तिला बसवी, मग दुसरा गुट्टा. भट्टीत तो भाग लाल झाला की खांबाच्या खोबणीत अडकवून नळी सावकाश ओढावयाची. वाळूने आतून धरून ठेवल्यामुळे ती चपटत नसे. वाळू ओली राहिली तर मात्र वाफ कोंडून गुट्टा बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो, म्हणून भट्टीजवळ आम्हां पोरांना तो उभे राहू देत नसे. ज्या वाळूत भाविक लोळण घेतात तीच वाळू लोखंडाच्या पोटात शिरून त्याला वळण लावीत होती, ही गोष्ट मला त्या वेळी फारशी नवलाची वाटली नव्हती.

आता मुद्द्याची गोष्ट. हा सारा जाडीचा विचार पालखीच्या वाटेवर सासवडच्या अलीकडे लागणाऱ्या दिवे घाटासाठी. भरलेली गाडी तेथे पुऱ्या दमाने चढते आणि तेथे अर्धा इंच कामास येतो. पण सासवड ओलांडल्यावर लोणंद, फलटण, नातेपुते, माळशिरस, वेळापूर असे पुढचे मुक्काम गाठताना गाडीला दिंडीच्या आगेमागे माणसाच्या पावलाने रांगावे लागते. पहिला गिअर, सहाशे-सातशे फेरे, आणि घाटातल्या धुराच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याइतका धूर. तेवढ्याला दोन इंची नळीही पुरून उरते. तेथे प्रश्न उरतो तो धूर कोणाच्या तोंडावर जातो एवढाच. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी धूर खाली किंवा डाव्या अंगास सोडण्यास मनाई केली. रस्त्याच्या डाव्या कडेने चालणाऱ्याचा विचार त्यात उघड दिसतो. पालखीच्या वाटेवर मात्र माणूस डावीकडेही असतो, उजवीकडेही आणि मागेही. सबब आमचा मिस्त्री दिंडीच्या गाडीची नळी हौद्याच्या उजव्या कोपऱ्याशी उभी करून टपापर्यंत नेई, आणि तिच्या तोंडावर पाऊस आत शिरू नये म्हणून पत्र्याचे झुलते झाकण लावी.

जुन्या गाडीत इंजिन बदलून ती आषाढीस दिंडीबरोबर नेण्याचे कोणाच्या मनात असेल, तर त्याने नळी अडीच इंचाची की तीनाची हा वाद पुढे ढकलावा, आणि आळंदी सोडण्यापूर्वी तिचे तोंड वर काढून घ्यावे.