चूल नसलेल्यांचा पिझ्झा

पिझ्झा हा मुळात घरी करायचा पदार्थच नाही. करू नये असं म्हणत नाहीये, मी स्वतः गेली कित्येक वर्षं करते आहे आणि पुढेही करत राहीन. पण दर वेळी नातेवाईकांच्या घोळक्यात कोणीतरी हमखास विचारतं, "पण ओरिजिनल असाच असतो का गं?" तेव्हा खरं उत्तर द्यायचं तर 'ओरिजिनल' पिझ्झा घरी करणारी माणसं फारशी नव्हतीच. ज्यांच्या घरात स्वयंपाकाला जागा नव्हती, भट्टी नव्हती आणि बऱ्याचदा सरपणालाही पैसे नव्हते, त्यांच्यासाठी तो बाजारात जन्मला. आपण ज्याला कौतुकाने 'अगदी पिठापासून सगळं घरी' म्हणतो ते त्या पदार्थाचं खूप नंतरचं, आणि गंमत म्हणजे परदेशी, रूप आहे.

हा शब्द जुनाच. नेपल्सच्या वायव्येला गाएता नावाचं गाव आहे, तिथल्या इ.स. ९९७ च्या एका लॅटिन दस्तऐवजात बिशपला सणाला बारा बारा पिझ्झा द्यायचे असं कलम आहे. त्या पिझ्झावर टोमॅटो नव्हता हे उघड आहे, कारण टोमॅटो युरोपात यायला अजून पाचशे वर्षं होती. (आपली मिरचीही त्याच समुद्रापारच्या प्रवासातली. 'आपलं पारंपरिक' वगैरे म्हणताना मी हे आठवून जरा गप्प बसते.) पण तो सगळा पूर्वेतिहास. आपल्या ओळखीचा पिझ्झा, म्हणजे टोमॅटो, चीज, तुळशीच्या कुळातली बेझिल आणि कडक आचेची भट्टी, हा एकोणिसाव्या शतकातल्या नेपल्सचा.

हे नेपल्स कसं होतं? इटलीतलं सगळ्यात दाटीचं शहर. गल्लीच्या पातळीवर एकेक खोली, तिला 'बास्सो' म्हणायचे. दार हीच खिडकी, आणि त्या एका खोलीत अख्खं कुटुंब. गिरणगावातल्या चाळीची खोली आठवा, आणि त्यातून गॅलरी, मोरी वजा करा. अशा खोलीत तुम्ही लाकडाची भट्टी कुठे बांधणार? मग खाणं रस्त्यावरचंच. अलेक्झांडर द्यूमा, तोच 'थ्री मस्केटिअर्स'वाला, १८३५ च्या सुमाराला तिकडे हिंडला आणि १८४० च्या दशकात आलेल्या 'ल कोरिकोलो' या प्रवासवर्णनात त्याने लिहून ठेवलं की इथला गरीब माणूस दोन गोष्टींवर जगतो, उन्हाळ्यात कलिंगड आणि थंडीत पिझ्झा. त्याचं एक निरीक्षण मला फार आवडतं. पिझ्झाच्या किमतीवरून त्याला बाजाराचा अंदाज यायचा. बारक्या माशांचा पिझ्झा स्वस्त झाला की समजायचं, जाळ्यात मासे भरपूर लागले!

द्यूमा पाहुणा होता, मजा बघून निघून गेला. मातिल्दे सेराओ तिथे राहणारी होती. पत्रकार, नंतर नवऱ्याबरोबर नेपल्समध्ये वर्तमानपत्र काढणारी बाई. १८८४ साली नेपल्समध्ये कॉलरा आला, हजारो माणसं गेली, आणि पंतप्रधान देप्रेतिस म्हणाले की नेपल्सचं पोट फाडून काढायला हवं. म्हणजे त्या गल्ल्या पाडून टाकू. सेराओबाईंनी त्याच वर्षी उत्तरादाखल पुस्तक लिहिलं, 'इल व्हेन्त्रे दी नापोली', नेपल्सचं पोट. तुम्ही ज्याला पोट म्हणता ते पाहिलंय का, त्यात काय जातं ते माहीत आहे का, असा सगळा सूर. त्यात पिझ्झा येतो. रात्रीतून भाजलेल्या जाडजूड, वरून करपलेल्या आणि आतून कच्च्या चकत्या, वर जवळपास कच्चाच टोमॅटो, लसूण, मिरी, ओरेगानो. त्याचे तुकडे करून एका पोराच्या हाती द्यायचे आणि ते पोर कोपऱ्यावर छोटं टेबल मांडून दिवसभर विकत उभं. तुकडे थंडीत गोठताहेत, उन्हात पिवळे पडताहेत, माशा बसताहेत. शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी आणखी बारका, आणखी स्वस्त तुकडा वेगळा.

हे वाचल्यावर काचेच्या दुकानातला, लाकडी पाटावर येणारा 'रस्टिक' पिझ्झा खाताना घास जरा अडतो. निदान माझा अडला.

त्याच पुस्तकात रोमची एक गोष्ट आहे. नेपल्सच्या कोणा उद्योजकाने रोममध्ये पिझ्झाचं दुकान काढलं. आधी तिकडच्या नेपल्सकरांनी गर्दी केली, आणि मग ते हळूहळू बसलं. आज पिझ्झा जगभर पसरलेला पाहताना नवल वाटतं, पण त्या काळी तो जेमतेम दोनशे किलोमीटरवर रुजला नाही. कोल्लोदी, पिनोकिओचा लेखक, त्याने तर १८८० च्या दशकात मुलांसाठीच्या एका पुस्तकात पिझ्झाचं वर्णन घाणेरडा, कळकट प्रकार असंच केलं. तो फ्लॉरेन्सचा, उत्तरेकडचा. वरच्या इटलीने खालच्या इटलीकडे कसं बघायचं याचा हा नमुना.

आता येते राणी. ही गोष्ट तुम्हाला माहीत असणारच, कारण ती पिझ्झाच्या खोक्यांवरसुद्धा छापलेली असते. १८८९ च्या जूनमध्ये राणी मार्गेरिता नेपल्सला आली, राफाएले एस्पोझितो नावाच्या पिझ्झावाल्याला बोलावणं गेलं, त्याने तीन पिझ्झा केले, त्यातला लाल-पांढरा-हिरवा, म्हणजे इटलीच्या झेंड्याच्या रंगांचा, राणीला आवडला आणि त्याला तिचं नाव मिळालं. पुरावा म्हणून नेपल्सच्या ब्रांदी पिझ्झेरियात राजवाड्याचं आभारपत्रही आहे, ११ जून १८८९ चं.

गोष्ट गोड आहे. पण झॅकरी नोवाक या अमेरिकन अभ्यासकाने २०१४ साली त्या पत्राची चिरफाड केली. शिक्का नेहमीच्या राजशिक्क्यासारखा नाही, अक्षर त्या अधिकाऱ्याच्या इतर पत्रांशी जुळत नाही. सगळ्यात मजेदार म्हणजे पत्रात पिझ्झावाल्याचं नाव 'राफाएले एस्पोझितो ब्रांदी' असं आहे. ब्रांदी हे त्याच्या बायकोचं माहेरचं आडनाव! तो स्वतःला कशाला ब्रांदी म्हणवेल? पण १९३० च्या दशकात दुकान चालवायला घेणारे ब्रांदी बंधू होते, आणि त्यांना हे आडनाव पत्रात असणं सोयीचं होतं. शिवाय मोझरेलाच्या पातळ चकत्या आणि बेझिल घातलेल्या पिझ्झाचं वर्णन राणी येण्याच्या कितीतरी वर्षं आधी छापलेलं आहे. तेव्हा राणीसाठी नवा पिझ्झा शोधला हे तर नाहीच, आणि पत्रही बहुधा नंतर बनवलेलं.

मला स्वतःला खोट्या पत्राचा राग येत नाही. दुकानदाराने दुकान चालवायला काय काय केलं त्यातलं ते एक. मला खुपतं ते वेगळंच. त्याच १८८९ च्या जूनमध्ये राजाच्या उपस्थितीत नेपल्सच्या गल्ल्या पाडण्याच्या कामाचा नारळ फुटला. सरळ, रुंद रस्ता काढला, त्याला राजाचंच नाव दिलं. पाडलेल्या घरातल्या माणसांना नव्या इमारतींची भाडी परवडेनात. सेराओबाईंनी वीसेक वर्षांनी पुन्हा लिहिलं की हा रस्ता म्हणजे नुसता पडदा आहे, मागे दैन्य तसंच आहे. राणीचा पिझ्झा सगळ्या जगाला पाठ आहे, आणि ज्यांचा पिझ्झा होता त्यांचं काय झालं हे कोणी विचारत नाही.

असो. घरच्या पिझ्झाकडे येते.

१८९१ साली पेल्लेग्रिनो आर्तुझीने इटलीतल्या मध्यमवर्गीय घरांसाठी पाककृतींचं पुस्तक काढलं. आपल्याकडे 'रुचिरा'चं जे स्थान, तेच तिकडे त्याचं. त्यात 'नेपल्सचा पिझ्झा' आहे. मी मोठ्या आशेने कृती उघडली तर रिकोटा चीज, बदाम, साखर, अंडी! गोड पदार्थ. म्हणजे घरी करायचा पिझ्झा तो गोड, आणि तिखटमिठाचा तो बाजारचा, इतकं ते स्वच्छ वेगळं होतं.

नेपल्समध्ये घरात होणारा एक पिझ्झा मात्र होता, तो तळलेला. भट्टी नको, कढई पुरे. दुसऱ्या महायुद्धानंतर शहर बॉम्बने मोडलेलं असताना बायका आपल्या बास्सोच्या दारात कढई ठेवून पिझ्झा तळून विकायच्या. आज खा, आठ दिवसांनी पैसे द्या, अशी उधारीसुद्धा. दे सिकाच्या १९५४ च्या 'लोरो दी नापोली'मध्ये सोफिया लॉरेन असाच पिझ्झा विकते, आणि तिची अंगठी हरवते तेव्हा ती कणकेत तर गेली नाही ना म्हणून गिऱ्हाइकांच्या मागे शोध लागतो. (जरूर बघा. अंगठी कुठे होती ते मी सांगणार नाही.)

ओव्हनमधला घरचा पिझ्झा ही अमेरिकेची करामत. १८८० ते १९२० च्या दरम्यान लाखो इटालियन, त्यातही दक्षिणेतले जास्त, जहाजाने तिकडे गेले. न्यू यॉर्कमध्ये कोळशाच्या भट्ट्यांवर पिझ्झा सुरू झाला. लोम्बार्दीचं १९०५ हे साल सगळीकडे सांगतात, पण त्याच्या आधीही तिथे पिझ्झावाले होते असं आता नव्या शोधातून दिसतं. मग घराघरात गॅसचा नाही तर विजेचा ओव्हन आला, आणि नेपल्सच्या बास्सोत जे शक्य नव्हतं ते ब्रुकलिनच्या स्वयंपाकघरात शक्य झालं. १९५० च्या दशकात तर पीठ, सॉस आणि चीज एका खोक्यात घालून पिझ्झाचा संच विकायला आला. तो विकणाऱ्यांत 'शेफ बॉयार्डी' हे मोठं नाव. त्यामागचा खरा माणूस एत्तोरे बोइआर्दी, तो उत्तर इटलीतल्या पिआचेन्साचा!

पण घरच्या ओव्हनची एक अडचण राहतेच, ती म्हणजे आच. नेपल्सच्या पिझ्झाला २०१० साली युरोपीय संघाने पारंपरिक पदार्थ म्हणून संरक्षण दिलं, त्याचे नियम वाचण्यासारखे आहेत. एक लिटर पाण्याला साधारण १.८ किलो पीठ, ५० ते ५५ ग्रॅम मीठ, आणि यीस्ट फक्त ३ ग्रॅम. भट्टी ४८५ अंशांची, भाजायला ६० ते ९० सेकंद. आपला ओव्हन २५० अंशांवर दमतो. तेवढ्यात पिझ्झा व्हायला आठ-दहा मिनिटं लागतात, आणि तोवर पाणी उडून त्याचं बिस्किट होतं. या एका गोष्टीने जगभरच्या घरगुती पिझ्झावाल्यांना वेड लावलं आहे. जेफ व्हरासानो नावाच्या गृहस्थाने ओव्हनच्या आपोआप साफ होण्याच्या सोयीतली प्रचंड आच वापरता यावी म्हणून त्याचं कुलूपच कापून काढलं होतं! त्याने ते सगळं सविस्तर इंटरनेटवर लिहिलं आणि पुढे अटलांटात स्वतःचं दुकान थाटलं. (घरी करू नका. कृपया.)

माझ्या मते आचेपेक्षा महत्त्वाचा तो यीस्टचा आकडा. पावणेदोन किलोच्या वर पिठाला तीन ग्रॅम, तेही ताजं यीस्ट. आपल्याकडच्या कृतींत अर्ध्या किलोला दोन चमचे यीस्ट आणि वर साखर असते, कारण आपल्याला तासाभरात पीठ फुगून हवं असतं. वास्तविक आंबवणं आपल्याला शिकवायला नको. इडलीचं पीठ रात्रभर ठेवणारे आपण, गोव्याच्या पोदेरांनी तर माडीवर पाव फुगवले. पण मैदा आणि यीस्ट दिसलं की आपल्याला घाई सुटते. २००६ साली न्यू यॉर्कच्या जिम लेही या बेकरने न मळता नुसतं अठरा तास ठेवून केलेला पाव वर्तमानपत्रातून सगळ्या घरांत पोचला, आणि पिझ्झाच्या पिठालाही लोकांनी तीच युक्ती लावली. वेळ दिला की मळायचं काम पीठच करतं.

आपल्याकडे साखळी दुकानं आली १९९६ मध्ये, पण त्याच्या आधीही घरी 'पिझ्झा' व्हायचाच. बेकरीतून आणलेला तयार बेस, वर सॉस, कांदा, सिमला मिरची, किसलेला चीजचा क्यूब, आणि तव्यावर झाकण. आई तो करायची त्याला मी अजिबात हसत नाही. भट्टी नसलेल्या माणसांनी हाताशी असेल त्यावर भागवायचं, ही तर नेपल्सचीच रीत. २०२० च्या टाळेबंदीत इटलीतल्या दुकानांतून मैदा आणि यीस्ट गायब झालं, खुद्द नेपल्सची माणसं घरी पिझ्झा भाजायला लागली, तेव्हा मला आईचा तवाच आठवला.

मावशीने प्रमाण मागितलं होतं, ते इथेच लिहून टाकते. मैदा अर्धा किलो, पाणी ३०० मिली, मीठ दोन छोटे चमचे सपाट, कोरडं इन्स्टंट यीस्ट पाव चमचा, साखर नाही. नुसतं कालवायचं, दोन तास बाहेर, मग झाकून फ्रीजमध्ये पूर्ण एक दिवस. चार गोळे होतात. भाजायच्या आधी दोन तास बाहेर काढायचे, पुण्याच्या मे महिन्यात एकच तास. लाटणं नको, बोटांनी मधून बाहेर पसरायचं, कड दाबायची नाही. ओव्हनमध्ये लोखंडी तवा पालथा ठेवून पाऊण तास पूर्ण आचेवर तापवायचा आणि त्यावर पिझ्झा सोडायचा. प्लास्टिकच्या मुठीचा तवा घेऊ नकोस. ओव्हन नसेल तर जाड तव्यावर एक बाजू भाजून उलटायची, भाजलेल्या बाजूवर टोमॅटो आणि चीज घालून घट्ट झाकण. टोमॅटो शिजवायचा नाही, नुसता कुस्करून मीठ. आणि चीज, मावशी, तुला वाटतं त्याच्या निम्मं.