पगचं घोरणं गोड वाटतं? आधी हे वाचा

पग म्हटलं की हचची २००३ची जाहिरात आठवतेच. त्या मुलाच्या मागेमागे फिरणाऱ्या कुत्र्यामुळे पग आपल्याकडे घराघरात पोहोचला. मूळचा चीनचा, साधारण ६ ते ८ किलोंचा, मुलांमध्ये रमणारा पग फ्लॅटमध्येही मजेत राहतो. अडचण आहे ती त्याच्या चपट्या नाकाची.

कुत्र्यांना आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ते धापा टाकून शरीर थंड ठेवतात. पगच्या नाकपुड्या अरुंद आणि घसा दाटीचा, त्यामुळे हवाच पुरत नाही. रील्समध्ये गोंडस वाटणारं ते घोरणं बऱ्याचदा श्वासासाठीची धडपड असते. म्हणून उन्हाळ्यात त्याला पहाटे किंवा रात्रीच फिरवा, तेही गळपट्ट्याऐवजी हार्नेस लावून. जीभ निळसर दिसली किंवा तो लडखडला, तर पंख्याखाली साध्या पाण्याने अंग ओलं करा आणि तडक पशुवैद्यांकडे न्या.

चेहऱ्याच्या घड्या नियमित पुसून कोरड्या ठेवा. खाणं मोजूनच द्या, कारण वजन वाढलं की श्वास आणखी कोंडतो. (हे घरातल्या आजीला पटवणं सगळ्यात अवघड!)

पिल्लू घेण्याआधी त्याच्या आईला थोडं चालताना बघा. चार पावलांत ती घरघरायला लागली, तर ते पिल्लू घेऊ नका.