सव्वा इंचाचा संगमरवर

न्यू हेवनला येल विद्यापीठाचं बायनेकी ग्रंथालय बाहेरून पाहिलं तेव्हा खरं सांगायचं तर निराशाच झाली. ग्रॅनाइटच्या चौकटी, त्यात पांढुरका दगड, वर खिडकी एकही नाही! आत गेलो आणि बघतच राहिलो. भिंती मधासारख्या उजळलेल्या.

ही इमारत १९६३ साली उघडली. दुर्मिळ पुस्तकं लोकांना दिसायला तर हवीत, पण उन्हानं कागद पिवळा पडतो, शाई उडते. म्हणून वास्तुकार गॉर्डन बनशाफ्ट यांनी काचेऐवजी व्हरमाँटचा संगमरवर सव्वा इंच जाडीचा कापून बसवला. कडक ऊन बाहेरच राहतं, मंद उजेड झिरपतो. मधल्या सहा मजली काचेच्या मनोऱ्यात पुस्तकं सुखरूप.

(गोव्यातल्या जुन्या घरांची शिंपल्यांची तावदानं आठवली ना?)

रात्री आत दिवे लागले, की तोच दगड बाहेरून आकाशकंदिलासारखा दिसतो.