माणसाची बॅटरी आणि वॅटचा हिशेब

'द मेट्रिक्स' हा चित्रपट १९९९ साली आला. त्यातल्या एका कल्पनेची टर उडवणं विज्ञान शिकलेल्या प्रेक्षकांनी तेव्हापासून सोडलेलं नाही. माणसं आणि यंत्रं यांच्या युद्धात माणसांनी आकाश काळवंडून टाकलं, यंत्रांचा सूर्यप्रकाश तोडला. मग यंत्रांनी माणसांनाच द्रवाने भरलेल्या कोषांत वाढवलं आणि त्यांच्या शरीरातून ऊर्जा काढायला सुरुवात केली. हे सांगताना बंडखोरांचा म्होरक्या मॉर्फियस एक साधा सेल हातात धरून दाखवतो.

पूर्वपक्ष आधी नीट मांडला पाहिजे, कारण तो कच्चा नाही. दिवसाला दोन हजार किलोकॅलरी खाणारा माणूस सरासरी १०० वॅटच्या आसपास उष्णता बाहेर टाकतो, म्हणजे एका जुन्या पिवळ्या बल्बाइतकी. ती उष्णताही कोमट. तिच्यापासून वीज करायची तर हाती फारच थोडं लागतं. माणसाला जे खाऊ घालाल, त्यातल्या ऊर्जेपेक्षा जास्त काही त्याच्याकडून परत मिळणार नाही. चित्रपटात तर मेलेल्यांचा रस करून तो जिवंतांना पाजतात. बाहेरून काहीच न मिळणारं असं चक्र फार काळ फिरू शकत नाही. शिवाय यंत्रांकडे अणुसंमीलनाची सोय आहे, हे मॉर्फियसच बोलता बोलता सांगून जातो. मग माणसं हवीत कशाला?

हा हिशेब मला पूर्ण मान्य आहे. मॉर्फियसला खरी माहिती नसावी, अशी पळवाट काही चाहते काढतात. ती मी घेणार नाही. पण या हिशेबाच्या पोटात एक गृहीतक दडलेलं आहे. जिवंत देह यंत्राला जुंपला जातो तो केवळ शक्तीसाठी, आणि शक्ती परवडली तरच, असं आक्षेप घेणारे धरून चालतात. बैलापुरतं ते खरं आहे. कडबा माणसाला खाता येत नाही आणि कडब्याने विहिरीतलं पाणी वर येत नाही. बैल कडबा खातो आणि मोट ओढतो, म्हणून मधली तूट शेतकऱ्याला सोसते. तूट तर औष्णिक वीजकेंद्रातही असते. कोळशातली निम्म्याहून अधिक उष्णता तिथे वाया जाते. माणसाची गोष्ट वेगळी आहे. त्याला जुंपताना दर वेळी हाच विचार झाला असं नाही.

विल्यम क्युबिट या इंग्रज अभियंत्याने १८१८ साली कैद्यांसाठी पायचक्की तयार केली. लाकडाचा लांबलचक दंडगोल, त्याच्याभोवती पायऱ्या. कैदी वरचा आडवा दांडा धरून पायरीवर चढायचा. त्याच्या भाराने पायरी खाली जायची, की लगेच पुढची. पुष्कळ तुरुंगांत शेजारच्या कैद्याशी बोलता येऊ नये म्हणून मध्ये फळ्या ठोकलेल्या असत. तासन् तास चढत राहायचं आणि तिथेच राहायचं. काही ठिकाणी या चक्कीवर धान्य दळलं जाई, पाणी उपसलं जाई. पण कित्येक तुरुंगांत ती कशालाच जोडलेली नव्हती. तिला अवरोध मिळावा म्हणून मोठाली पाती लावलेली असत आणि ती नुसती हवा कापत फिरत. वाफेची इंजिनं इंग्लंडभर धडधडत असताना हे चालू होतं. १८९५ मध्ये शिक्षा झालेल्या ऑस्कर वाइल्डलाही त्या पायऱ्या चढाव्या लागल्या. ही चक्की बंद व्हायला १८९८ चा कायदा यावा लागला. तिच्यातून किती अश्वशक्ती निघाली हा प्रश्न तिच्या मालकांनाच पडला नव्हता, कारण त्यांना कैद्याचं मन मोडायचं होतं.

मराठी वाचकाला तर इंग्लंडला जाण्याचीही गरज नाही. 'माझी जन्मठेप' वाचलेल्या कोणालाही अंदमानचा कोलू विसरता येत नाही. बैलाच्या जागी माणूस जुंपायचा, त्याने दांडा ढकलत गरगर फिरायचं आणि दिवसाकाठी खोबऱ्याचं ३० पौंड तेल गाळून द्यायचं. कमी भरलं तर शिक्षा. सावरकरांसारखी शिकलेली तरुण माणसं तिथे जुंपली, ती बैलाहून स्वस्त पडत होती म्हणून नव्हे. तेलच हवं असतं तर बैल होतेच.

चित्रपटातल्या कोषाकडे आता पुन्हा पाहा. त्याला वीजकेंद्र समजून तपासलं तर तो नापास होतो. तुरुंग समजून पाहिलं तर त्याचा प्रत्येक भाग जागच्या जागी बसतो: एकेकटी कोठडी, देहाला लावलेल्या नळ्या, आणि कैद्याला गप्प ठेवणारं खोटं जग. 'ब्लॅक मिरर' मालिकेच्या २०११ मधल्या एका भागात तरुण-तरुणी दिवसभर सायकली मारून वीज निर्माण करतात. धडधाकट माणसाने आठ तास पायडल मारलं तरी जेमतेम पाऊण युनिट वीज होईल, वीजबिलावर जिची किंमत काही रुपये. तरी तो भाग कोणाला खोटा वाटत नाही, कारण त्या सायकली कशासाठी आहेत हे प्रेक्षकाला लगेच उमगतं.

आक्षेप घेणारे एक दुरुस्ती सुचवतात: यंत्रांनी माणसांचे मेंदू गणनेसाठी वापरले, असं दाखवायला हवं होतं. नील गेमनने याच विश्वावर लिहिलेल्या 'गोलायथ' कथेत ते केलंही आहे. मेंदू वीसेक वॅटवर केवढं काम करतो हे पाहता विज्ञानाच्या बाजूने ही दुरुस्ती सरस आहे. कथेच्या बाजूने मला ती कमकुवत वाटते, कारण तिच्यात माणसाचा मान शाबूत राहतो. आपण कैदेत असलो तरी आपल्या बुद्धीवाचून यंत्रांचं अडतं, एवढा दिलासा तिच्यात उरतो. चित्रपटाचा नायक निओ सॉफ्टवेअर कंपनीत प्रोग्रॅम लिहितो; बुद्धी हीच त्याची मिळकत. यंत्रांना त्या बुद्धीचं काही पडलेलं नाही, अंगातली ऊब तेवढी हवी आहे, हे त्याला सेल दाखवून सांगितलं जातं. तो ते मानायलाच तयार होत नाही, भडभडून ओकतो आणि कोसळतो. आपला मेंदू वापरला जातोय एवढंच कळलं असतं, तर तो असा कोसळला असता असं मला वाटत नाही.