‘फाउंड’: धातूच्या रसाचे एक इंग्रजी क्रियापद

‘वितळणे’ या क्रियेसाठी इंग्रजीत सर्वांच्या ओळखीचा शब्द ‘मेल्ट’ हा असला, तरी ओतकाम करणाऱ्या कारागिरांनी आपल्या कामासाठी ‘फाउंड’ हे वेगळे क्रियापद राखून ठेवले होते आणि धातू वितळवून त्याचा रस साच्यात ओतणे हा त्याचा अर्थ होता. याच रूपाचे आणखी दोन शब्द इंग्रजीत असल्यामुळे ते सहसा नजरेतून निसटते. ‘सापडले’ या अर्थाचा ‘फाउंड’ जर्मानिक कुळातला, तर ‘स्थापना करणे’ या अर्थाचा ‘फाउंड’ लॅटिनमधील ‘फुंदुस’ म्हणजे तळ या शब्दावरून आलेला आहे. ओतकामाचा ‘फाउंड’ मात्र लॅटिन ‘फुंदेरे’ म्हणजे ओतणे, वितळवणे या क्रियापदापासून निघाला आणि फ्रेंच ‘फोंद्र’च्या वाटेने मध्ययुगाच्या उत्तरार्धात इंग्रजीत आला.

भाषाशास्त्रज्ञ ‘फुंदेरे’चा उगम ‘ओतणे’ या अर्थाच्या ज्या प्राचीन इंडो-युरोपीय मूळरूपात पाहतात, त्याच मूळरूपातून संस्कृतातील ‘हु’ हा क्रियाधातू आणि त्यावरून ‘आहुती’, ‘हवि’ व ‘होम’ हे शब्द आले आहेत. अग्नीत तुपाची धार धरणारा ऋत्विज आणि मुशीतला रस साच्यात सोडणारा ओतारी एकाच शब्दकुळाच्या छायेत उभे आहेत, ही गोष्ट मराठी वाचकाने मुद्दाम ध्यानात ठेवावी अशी आहे. ‘मेल्ट’चे नातेही परके नाही, कारण त्याचा संबंध संस्कृत ‘मृदु’शी जोडला जातो आणि ‘मृदु’चेच प्राकृतातून आलेले रूप म्हणजे मराठीतला ‘मऊ’.

‘फुंदेरे’चा वंशविस्तार मोठा आहे. वितळलेल्या चीजचा ‘फोंद्यू’ हा पदार्थ, परत ओतणे या मूळ अर्थाचा ‘रिफंड’ आणि एकत्र ओतले गेल्याने वेगळे न ओळखता येणे या कल्पनेतून आलेले ‘कन्फ्युजन’ ही सारी त्याचीच अपत्ये होत. विजेचा भार वाढताच वितळून प्रवाह तोडणारी तार ‘फ्यूज’ म्हणवते ती याच कारणाने. मराठीत मात्र फ्यूज वितळत नाही, ‘उडतो’.

या घराण्यातला सर्वांत मोलाचा शब्द ‘फॉन्ट’ हा होय. फ्रेंच ‘फोंत’ म्हणजे ओतलेली वस्तू, आणि त्यावरून एकाच आकारात व वळणात ओतलेल्या अक्षरांच्या संपूर्ण संचाला हे नाव मिळाले. पंधराव्या शतकाच्या मध्यास माइन्त्समध्ये गुटेनबर्गने मुद्रणाची जी पद्धत सिद्ध केली, तिचा गाभा ओतकामाचाच होता. पोलादी ठशावर अक्षर उलटे कोरायचे, तो ठसा तांब्यात ठोकून मातृका, म्हणजे अक्षराचा खोलगट साचा, तयार करायची आणि तीत मिश्रधातूचा रस ओतून हवे तितके खिळे पाडायचे, असा हा क्रम असे. शिसे 327 अंश सेल्सिअसला वितळते, म्हणून ते सोयीचे. पण एकटे शिसे मऊ पडते. त्यात अँटिमनी व कथील मिसळल्याने खिळा कठीण होतो, थंड होताना फारसा आक्रसत नाही आणि अक्षराची कड रेखीव राहते.

देवनागरीला हा रस उशिरा लाभला. गोव्यात 1556 मध्ये छापखाना आला, तरी फादर स्टीफन्स यांचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ 1616 मध्ये रोमन लिपीतच छापले गेले, कारण जोडाक्षरे आणि काना-मात्रा यांमुळे देवनागरीसाठी लागणाऱ्या शेकडो मातृका घडवणे हे फार मोठे काम होते. विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण 1805 मध्ये देवनागरी खिळ्यांनी छापले गेले ते बंगालमधील श्रीरामपूरला. मुंबईत हे कौशल्य रुजायला आणखी काही दशके जावी लागली. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात लहानपणीच कामाला लागलेल्या जावजी दादाजी यांनी 1864 मध्ये स्वतःची टाइप फाउंड्री काढली आणि 1869 मध्ये निर्णयसागर छापखाना सुरू केला. निर्णयसागरच्या सुबक अक्षरांचे श्रेय जावजींना दिले जाते आणि ते रास्तच आहे. तथापि ठसे कोरणारे राणू रावजी आरू यांचे नाव त्यांच्याइतक्याच आदराने घेतले गेले पाहिजे, कारण ठशात जे सौंदर्य नसेल ते कितीही निगुतीने ओतले तरी खिळ्यात उतरत नाही.

मराठी मुद्रकांनी ‘फाउंड्री’ हा शब्द जसाच्या तसा घेतला, पण ओतलेल्या अक्षराला मात्र ‘खिळा’ म्हटले आणि ते जुळवणाऱ्याला ‘जुळारी’. वापरून झिजलेले खिळे टाकून दिले जात नसत. ते पुन्हा भट्टीवर चढवून त्यांचा रस केला जाई आणि त्यातून नवे खिळे ओतले जात. त्यामुळे एकोणिसाव्या शतकातील पुष्कळसे खिळे आज उरलेले नाहीत, आणि त्यांची वळणे पाहायची तर त्या काळच्या पोथ्या व ग्रंथ यांची पानेच उघडावी लागतात.