पांझरेचे फड

खानदेशच्या इतिहासात बुऱ्हाणपूरचे तख्त, अशीरगड-थाळनेरचे किल्ले आणि सुरतेकडे जाणारा व्यापारी मार्ग यांची वर्णने विपुल आढळतात. परंतु पांझरा नदीच्या काठी, व तिच्या दक्षिणेस बागलाणात मोसम आणि आरम यांच्या काठी, साध्या कुणब्यांनी पाण्याची जी व्यवस्था पिढ्यान्‌पिढ्या चालविली तिच्या वाट्याला फार थोड्या ओळी आल्या आहेत. या व्यवस्थेस फड पद्धती असे म्हणतात. तिचे वय सामान्यतः तीन-चारशे वर्षांचे मानले जाते. कोण्या एका राजाचे नाव तिला चिकटलेले नाही, हे एका अर्थी बरेच झाले. कारण बंधारा कोणीही बांधला असो, तो चालविला गावानेच.

या तिन्ही नद्या सह्याद्रीच्या कुशीत उगम पावतात. घाटमाथ्याला पाऊस भरपूर, आणि खाली धुळ्याच्या मैदानात तो वीस-पंचवीस इंचांवर क्वचितच जातो. म्हणजे ढग एकीकडे आणि शेत दुसरीकडे, अशी ही निसर्गाची वाटणी आहे. नदीचा उतार मात्र चांगला, आणि पात्रात ठिकठिकाणी उघडा खडक. अशा खडकावर दगडचुन्याचा ठेंगणा बंधारा घालावयाचा, पाण्याची पातळी थोडी उचलावयाची आणि काठाने पाट काढून ते शेतांकडे न्यावयाचे, एवढीच यातील स्थापत्याची करामत. बंधारा पाणी साठवीत नाही, फक्त वळवितो. त्याच्या माथ्यावरून ओसंडलेले पाणी खालच्या गावाच्या बंधाऱ्यास मिळते, आणि अशा रीतीने एकाखाली एक बंधाऱ्यांची माळच नदीत उभी राहिली.

खरी करामत पाटाच्या खाली आहे. पाट आणि नदी यांच्यामधील जमिनीचे बहुधा चार मोठे भाग पाडीत. त्या प्रत्येक भागास फड म्हणत. एका फडात एका वर्षी एकच पीक: एकात ऊस असेल, दुसऱ्यात गहू किंवा हरभरा, तिसऱ्यात पावसाळी धान्य, आणि उरलेला पाण्याविना विसावा घेणारा. पुढील वर्षी हे फिरते. शेतकऱ्याची जमीन एकाच ठिकाणी नसून बहुधा प्रत्येक फडात तिचा एकेक पट्टा असे. त्यामुळे लहानशा कुटुंबालाही दरसाल थोडा गूळ, थोडा गहू आणि थोडी डाळ ही सगळी आपापल्या पट्ट्यांतून मिळत. पाटाच्या वरच्या अंगास कोरडवाहू तुकडा असला तर बाजरी व कडबा तेथून येई. मीठ आणि लोखंड वगळता बाजाराकडे पाहण्याचे फारसे कारण उरत नसे, आणि सरकारचा सारा गुळाच्या पैशातून भागे.

मात्र या स्वयंपूर्णतेची एक किंमत होती, आणि ती शहरी वाचकाच्या सहसा ध्यानात येत नाही. आपल्या जमिनीत काय पेरावे हे ठरविण्याचा अधिकार शेतकऱ्याने सोडून दिलेला असे. गावचे पंच नदीचे पाणी पाहून ठरवीत की यंदा कोणत्या फडात काय घ्यावयाचे. पाऊस कमी झाला तर प्रत्येकाचे पाणी थोडथोडे कापीत न बसता भिजविण्याच्या फडांची संख्याच कमी करीत. त्यामुळे दुष्काळाचा भार सर्व पट्टेदारांवर जवळजवळ सारखा पडे. ज्याचा पट्टा एखाद्या फडात नसेल, त्याला मात्र त्या वर्षी निमूटपणे कळ सोसावी लागे. ही व्यवस्था दयाळू होती असे म्हणण्यापेक्षा हिशेबी होती असे म्हणणे अधिक खरे.

पाण्याची वाटणी पाटकरी करी. कोणाच्या शेतात किती वेळ पाणी सोडावयाचे हे शेतकऱ्याच्या हाती नव्हते. पाटकऱ्याने फडाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओळीने सर्व पट्टे भिजवावयाचे. आपल्या पट्ट्याचे दार रात्री हळूच उघडण्याचा मोह कोणास झाला तरी लाभ थोडका, कारण सर्वांचे पीक एकच व सर्वांची पाळी ठरलेली. गुरांपासून पिकाची राखण जागल्या करी, आणि या साऱ्यांवर हवालदाराची देखरेख असे. त्यांचा मेहनताना प्रत्येक घरातून धान्याच्या रूपाने जाई. पाटातील गाळ काढणे आणि बंधाऱ्याची डागडुजी ही कामे ज्याची जितकी जमीन त्या मानाने वाटून घेत.

ज्याच्याकडे विहीर होती त्याचा मार्ग निराळा. मोटस्थळाचा मालक आपल्या पाण्याचा आपण धनी. पण मोट, नाडा, बैलांच्या जोड्या आणि त्यांचा चारा यांत त्याचा पुष्कळ खर्च होई. पाटस्थळाच्या शेतकऱ्याला पाणी उताराने आपोआप मिळे. त्यासाठी त्याने बैलांच्या घामाऐवजी आपला एकट्याचा हट्ट मोजला, इतकेच.

1802 च्या सुमारास होळकरांच्या स्वाऱ्या आणि 1803-04 चा भीषण दुष्काळ यांनी खानदेश उजाड केला. 1818 साली इंग्रजांचा अंमल आला तेव्हा पुष्कळ बंधारे फुटलेले व पाट बुजलेले होते. वस्ती परतली तसतशी त्यांतील काही कामे पुन्हा उभी राहिली. 1884 साली मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या या तरुण इंजिनिअरची मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात नेमणूक झाली, आणि त्यांच्या आरंभीच्या कामांपैकी एक म्हणजे दातर्ती गावी पांझरेच्या एका पाटासाठी घातलेला नळाचा सायफन. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी, नीरेसारख्या सरकारी कालव्यांसाठी त्यांनी जी ‘ब्लॉक’ पद्धत सुचविली, तीत जमिनीचे गट पाडून ऊस प्रत्येक गटाच्या ठराविक हिश्श्यातच आळीपाळीने घ्यावयाचा होता. फडाशी तिचे साम्य डोळ्यांत भरण्याजोगे आहे.

त्या सल्ल्याची निकड का भासली हे नीरेच्या काठी पाहावयास मिळाले. 1885 साली पुरा झालेल्या नीरा डाव्या कालव्याखाली ज्याला परवडेल त्याने मनसोक्त पाणी घेतले, आणि थोड्याच दशकांत काळ्या जमिनी पाणथळ होऊन त्यांवर खाराचा पांढरा थर चढला. फडात पाट व नदी यांतील अंतर थोडे असल्याने जास्तीचे पाणी नदीत निघून जाई, आणि पीक फिरत असल्याने एकाच जमिनीवर वर्षानुवर्षे पाणी तुंबत नसे.

स्वातंत्र्योत्तर काळात या नद्यांच्या वरच्या अंगास धरणे झाली. पांझरेवर लाटीपाडा, मोसमवर हरणबारी, आरमच्या खोऱ्यात केळझर. तेव्हापासून पाटात पाणी केव्हा येणार हे गावाच्या पंचांऐवजी खात्याच्या पत्रकावर ठरू लागले. त्याच सुमारास विजेचे पंप आले, आणि ज्याच्या विहिरीला पाणी त्याला आपल्या पट्ट्यात कांदा लावावा की डाळिंब, हे विचारण्यास कोणाकडे जाण्याचे कारण उरले नाही. एका फडात चार पिके उभी राहिली, आणि ओळीने पाणी देणे अशक्य झाले. 2005 साली महाराष्ट्र शासनाने सिंचन पद्धतींचे व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे सोपविण्याचा कायदा केला. त्यात पाणी मोजून द्यावयाचे ते पाणीवापर संस्थेला, आणि संस्थेने ते आपल्या सभासदांत वाटावयाचे. पांझरेच्या काही बंधाऱ्यांवर मात्र जुनी रीत अंशतः टिकून आहे. तेथे दार उघडण्याचे काम पाटकऱ्याकडेच राहिले आहे.